ब्रह्मा घाटावर विमान

विमान गल्लीत शिरत नाही, हे विमानचालनाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी सगळी वाचली आहेत, काही शिकवलीही आहेत. वारा आडवा आला तर काय करावं, इंजिन बंद पडलं तर काय करावं, धावपट्टीवर नीलगाय उभी राहिली तर काय करावं, हे मी जन्मभर पोरांना सांगत आलो. पण वळणावर बैल बसलाय आणि आपल्या माणसांच्या खांद्यावर विमान आहे, अशा वेळी काय करावं, याबद्दल त्या थोर ग्रंथकारांनी अवाक्षर काढलेलं नाही. त्यांच्यातलं कुणी काशीत राहत नसावं.

माझी मूळ योजना अगदी साधी होती. मला गच्चीवर बसायला खुर्ची हवी होती.

ज्या फ्लाइंग क्लबात मी शेवटची नोकरी केली, तिथलं सगळ्यात म्हातारं शिकाऊ विमान मोडीत निघालं. त्याच सुमारास मीही निघालो. दर वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली आणि म्हणाले, "कॅप्टन पाध्ये, जमिनीवर तुम्ही ठणठणीत आहात." क्लबवाल्यांनी निरोप समारंभाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, शाल-श्रीफळ राहू द्या, ते विमान द्या. त्यांना विमान ठेवायला जागा नव्हती आणि शाल आणायला वेळ नव्हता, तेव्हा सौदा लगेच पटला. पंख, शेपूट आणि इंजिन आधीच काढून झालं होतं. उरलं होतं बोथट नाक, दोन दारं, आत शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोन कंट्रोल, आणि जिथून घड्याळं काढून नेली तिथली गोल भोकं. मी डोळ्यांपुढे चित्र रंगवलं: ब्रह्मा घाटावरची आमची तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, खाली गंगा, समोरच्या वाळूवर ऊन, आणि मी हातात चहा घेऊन माझ्या जागेवर बसलेला. एवढंच.

"अहो, खुर्ची म्हणाला होतात ना?" फोटो बघून शरदिनीनं विचारलं.

"दोन आहेत. जोडून आहेत इतकंच."

शरदिनी आमच्या इथल्या मुलींच्या इंटर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली. मी गावोगावच्या विमानतळांवर पोरांना उडवत असताना ती काशीतच राहिली. तिची नोकरी इथे, घर इथे. माझ्याबरोबर विमानात ती कधी बसली नव्हती. पुढच्या वर्षी बसू म्हणता म्हणता दोघंही निवृत्त झालो. तिनं फोटोवर बोट ठेवून विचारलं, "गल्लीची रुंदी मोजलीत?"

मी मोजली होती. विमान गल्लीपेक्षा वीतभर अरुंद होतं. हे मी अशा आवाजात सांगितलं, की प्रश्न तिथेच मिटावा. तो मिटला नाही हे नंतर कळलं. मी गल्लीची रुंदी मोजली होती. वळण मोजायचं राहिलं होतं.

ट्रक दिवसा शहरात येत नाहीत, म्हणून विमान गंगेच्या वरच्या अंगाला, सामने घाटावर उतरलं, आणि लल्लन मल्लाहाच्या मोठ्या बजड्यावर, म्हणजे रुंद नावेवर, चढलं. ही कल्पना आमच्या खालच्या मजल्यावरच्या यज्ञेशची. यज्ञेश साताऱ्याकडचा, बँकेत अधिकारी, बदलीवर आलेला. प्रत्येक अडचणीवर त्याच्याजवळ मोबाइलमध्ये एक व्हिडिओ असतो. "काका, जलमार्ग बेस्ट," असं म्हणून तो ड्यूटीला निघून गेला. मी आणि शरदिनी नावेत बसलो. म्हणजे शरदिनी नावेत बसली. मी विमानात बसलो.

तो प्रवास मी कितीदा मनात केला आहे, सांगता येणार नाही. कार्तिक संपलेला, पहाटेचं धुकं पाण्यावरून नुकतं उठत होतं. मी डावीकडच्या खुर्चीत, हात कंट्रोलवर, समोर काचेतून एकेक घाट सावकाश येतोय आणि जातोय. विमानाला पंख नव्हते, पण थंडीत दूरच्या मुलखातून येणारे ते पांढरे पक्षी आमच्या दोन्ही बाजूंनी इतके दाट उडत होते, की क्षणभर वाटलं, चला, ही व्यवस्था झाली. पायऱ्यांवर अंघोळ करणाऱ्या बायकांनी हात जोडले. राजा घाटासमोर एक गाइड आपल्या नावेतल्या यात्रेकरूंना छातीठोक सांगत होता, "ये देखिए, अमृतराव पेशवा का निजी विमान, मरम्मत होके आ रहा है!" मी काच उघडून त्याची इतिहासाची शिकवणी घेणार होतो, पण त्या लोकांनी माझ्याकडे बघून इतक्या आदरानं मान लववली, की मीही लववली. पेशव्यांच्या घराण्यात शिरायची संधी वारंवार येत नाही.

भोसले घाटाच्या त्या मोठ्या दगडी वाड्यासमोर नावेचं इंजिन बंद पडलं.

आता, इंजिन बंद पडणं हा माझा विषय आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या किती पोरांची इंजिनं मी मुद्दाम बंद केली असतील! मी दार उघडून ओरडलो, "लल्लन, घाबरना नहीं! नाक नीचे रखो, स्पीड संभालो, उतरने की जगह देखो!"

लल्लननं शांतपणे बिडी कानावरून ओठांत घेतली. "कप्तान साहब, नाव की नाक नीचे करेंगे तो सब लोग गंगालाभ पाएँगे. आप बइठे रहिए."

शरदिनी हसली. मला ते दिसू नये म्हणून तिनं पदर तोंडाला लावला, पण पदर हलत होता. मी दार लावून घेतलं आणि उरलेला प्रवास, लल्लनचे दोघं वल्ही मारत असताना, सन्माननीय मौन पाळून केला. पेशवे असते तरी त्यांनी याहून वेगळं काय केलं असतं?

ब्रह्मा घाटावर मात्र खरं विमानचालन सुरू झालं. लल्लननं माणसं जमवली. ओरखडे पडू नयेत म्हणून शरदिनीनं घरून आणलेल्या जुन्या पांढऱ्या चादरी विमानावर घातल्या, दोऱ्यांनी बांधल्या, बांबू लावले आणि माणसांनी ते खांद्यावर उचललं. काशीत, घाटाच्या पायऱ्यांवर, पांढऱ्या कापडात बांधलेली लांबट वस्तू खांद्यावरून चालली की लोक काय समजतात हे मी सांगायला नको. आमचा क्रम उलटा होता, आम्ही नदीकडून घराकडे चाललो होतो, पण एवढं कोण बघतो! पानवाल्यानं टोपी काढली. मागून कुणीतरी सवयीनं "राम नाम सत्य है" म्हटलं आणि आमच्याच दोन माणसांनी, तेही सवयीनं, सूर धरला.

वरच्या खिडकीतून सप्रेकाकूंनी डोकं काढलं. काकूंना ऐकू कमी येतं आणि उत्सुकता जास्त. "कोण गेलं गं शरदिनी?"

"कुणी नाही काकू, ह्यांचं विमान आलंय!"

काकूंनी डोळे मिटून हात जोडले. "विमान आलं न्यायला? भाग्यवान हो! इतका पुण्यवान वाटला नव्हता कधी."

मी चादरीच्या मागेच उभा होतो.

आणि मग ते वळण. आमच्या गल्लीला जिथे दुसरी गल्ली मिळते तिथे रस्ता काटकोनात वळतो, आणि त्या काटकोनात एक बैल बसतो. तो तिथे कधीपासून बसतो हे कुणाला माहीत नाही. नाक वळलं, पण मागचा भाग शेजारच्या ओट्याला अडला. मागे घेतलं तर नाक बैलाच्या वशिंडाला लागायला लागलं. बैलानं एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रवंथ करू लागला.

सल्ले मिळायला सुरुवात झाली. आमचे शेजारी विष्णुशास्त्री, जन्मभर वेद शिकवलेले, त्यांचा सल्ला होता की शेपटीकडून घालावं, कारण कुठलीही अवजड गोष्ट उलटी म्हटली की सोपी जाते. उलटं घातलं. उलटं अडकलं. यज्ञेशनं फोनवरून क्रेनचा व्हिडिओ पाठवला. त्यातली क्रेन आमच्या गल्लीहून मोठी होती. एकानं सुचवलं, छतावरून छतावर न्या. एकानं बैलाला गूळ दाखवला. बैलानं गूळ खाल्ला आणि आणखी पसरून बसला. शेवटी लल्लनचा एक माणूस खांदा बदलत म्हणाला, "दू टुकड़ा कर दीजिए, बाबूजी. आधा-आधा चला जाएगा."

दोन तुकडे! या विमानात बसून पहिल्यांदा जमीन सोडलेली पोरं आज मोठमोठी विमानं समुद्रापार नेतात. मी विमानाच्या नाकावर हात ठेवून आडवा उभा राहिलो. शरदिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि माणसांना म्हणाली, "वापस चलिए. घाट पर."

अशा रीतीनं विमान पुन्हा खाली आलं आणि पायऱ्यांच्या बाजूच्या रिकाम्या दगडी चबुतऱ्यावर बसलं. चादरी सुटल्या. गंगेकडे नाक करून ते असं छान बसलं होतं, की जणू चबुतरा त्याच्यासाठीच बांधला असावा. मी हे मोठ्यानं म्हटलं. त्यावर मागून आवाज आला, "किसकी परमिशन से?"

हे चौकीवरचे हेड कॉन्स्टेबल. अशांना इथे सगळे दीवानजी म्हणतात. पोट पुढे, वही काखेत. त्यांनी विमानाला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"ये वाहन है?"

"विमान है," मी ताठ उभं राहून सांगितलं.

"विमान है तो उड़ेगा. उड़ेगा तो ऊपर से आदेश चाहिए."

"उड़ेगा नहीं. पंख नहीं हैं."

"तो विमान कैसे हुआ?" दीवानजी तर्कशास्त्रात पक्के निघाले. "वाहन नहीं, विमान नहीं, मूर्ति नहीं. बस, इतना बोल दीजिए कि कबाड़ है. कबाड़ है तो हम अभी उठवा देते हैं, आपका भी झंझट खतम."

सगळा घाट माझ्याकडे बघत होता. एक शब्द म्हणायचा होता. आणि खरं म्हणजे तो चूकही नव्हता. क्लबच्या कागदावर तोच होता. पण डॉक्टरांनी माझ्याबद्दल जे लिहिलं होतं तेही काही फार वेगळं नव्हतं, आणि ते मी कुठे मोठ्यानं म्हणून दाखवलं होतं? मी रुमाल काढून काचेवरची धूळ पुसायला लागलो.

"पढ़ाई का सामान है," शरदिनी म्हणाली.

तिचा वर्गातला आवाज होता तो. दीवानजी नकळत सरळ उभे राहिले. "पढ़ाई? कौन पढ़ेगा?"

"हम पढ़ेंगे. ये पढ़ाएँगे."

दीवानजींनी तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, आणि निकाल दिला: "ठीक है. होली तक देखते हैं. पढ़ाई हुई तो रहेगा. नहीं हुई, तो कबाड़ी को बुलाएँगे."

घरी आल्यावर मी म्हटलं, "वेळ छान मारून नेलीस."

"वेळ कुणी मारली?" ती चहा गाळत म्हणाली. "उद्या किती वाजता येऊ?"

मी पुष्कळ विद्यार्थी पाहिले आहेत. भित्रे पाहिले, आगाऊ पाहिले, उलटी करणारे तर विचारू नका. पण गणिताची निवृत्त बाई विद्यार्थिनी म्हणून मिळणं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. ती डावीकडे बसली, विद्यार्थ्याच्या जागी, मी उजवीकडे. मी म्हटलं, "नाक जास्त वर केलं की विमान पडतं." ती म्हणाली, "जास्त म्हणजे किती?" मी म्हटलं, "ते अंदाजानं कळतं." तिनं कंट्रोल सोडून माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेखाली तिच्या कॉलेजच्या किती पिढ्या गेल्या असतील, त्या सगळ्या मुलींविषयी मला एकदम कणव दाटून आली. दुसऱ्या दिवशी मी कोन, वेग आणि वजन यांची आकडेमोड करून आणली. तिनं त्यात चूक काढली.

घाट आमची शाळा बघायला जमू लागला. विष्णुशास्त्री रोज स्नान आटोपून शेजारच्या पायरीवर बसत आणि शंका विचारत. "दत्तोपंत, वर गेल्यावर संध्या कुठल्या दिशेला तोंड करून करायची?" सप्रेकाकूंनी मी जिवंत आहे हे मान्य केलं, पण थोड्या नाराजीनं. दीवानजी चक्कर मारून जात. एकदा त्यांनी खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, "मैडम, पढ़ाई कैसी चल रही है?" ती म्हणाली, "पढ़ाने वाले मेहनत कर रहे हैं." माझ्या साऱ्या कारकिर्दीत मला मिळालेला सगळ्यात कडक शेरा तो.

मग पौषातलं धुकं आलं. त्या दिवसांत काशीत गंगा दिसत नाही. पलीकडची वाळू दिसत नाही, पाणी दिसत नाही, खालची पायरीसुद्धा दिसत नाही. काचेसमोर नुसतं पांढरं. कुठूनतरी घंटा वाजते, एखाद्या न दिसणाऱ्या नावेतून खोकल्याचा आवाज येतो आणि विरतो. आम्ही दोघं शाली गुंडाळून दारं लावून बसायचो. मी हळू आवाजात सांगायचो: आता जमीन सुटली. आता डावीकडे वळ. खाली बघ, नदीचं धनुष्य दिसेल. ती कंट्रोल इतक्या हलक्या हातानं धरायची, की जणू झोपलेल्या बाळाचा हात आहे. मीच शिकवलं होतं तसं, आणि मलाच ते कधी इतकं नीट जमलं नव्हतं. एकदा मी बोलायचा थांबलो. ती म्हणाली, "थांबू नका, ढगात आहोत." आणि खरं सांगतो, माझी नजर आपसूक त्या गोल भोकाकडे गेली, जिथे एकदा उंचीचं घड्याळ होतं.

"भीती वाटते?" मी विचारलं.

"तुम्ही बोलता तोवर नाही."

होळी जवळ आली तसं धुकं गेलं, ऊन चटका देऊ लागलं. एक चिंता विष्णुशास्त्रींनी मिटवली. त्यांच्या पाठशाळेची नदीकडची ओसरी पुराच्या रेषेच्या वर आहे. पावसाळ्यात विमान तिथे ठेवा म्हणाले, वाटेत वळण नाही, बैलही नाही. दुसरी चिंता दीवानजींची होती. ते सकाळीच येऊन सांगून गेले, "आज शाम को आखिरी मुआयना. मैडम चलाके दिखाएँगी."

संध्याकाळी आम्ही बसलो. दारं लावली. मी नेहमीप्रमाणे घसा साफ केला.

"तुम्ही उतरा," शरदिनी म्हणाली.

"काय?"

"उतरा. मला एकटीला जायचंय."

आमच्या धंद्यात हा एक क्षण असतो. विद्यार्थी तयार झाला की शिक्षक दार उघडतो, खाली उतरतो, आणि विमान त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याशिवाय निघून जातं. उजवीकडची खुर्ची रिकामी असल्यानं ते हलकं असतं, आपण असताना कधी गेलं नसेल इतकं चटकन वर जातं. शिक्षक गवतात उभा राहतो. त्याचे पाय नकळत रडरची पेडलं दाबत असतात. किती पोरांसाठी मी असा उभा राहिलो आहे. पण कधी कुणी मला उतरा म्हणालं नव्हतं. ते मी ठरवायचं असतं. तरी मी उतरलो. दार बाहेरून नीट लागलंय का ते दोनदा पाहिलं. आणि पायरीवर जाऊन उभा राहिलो.

काचेतून ती दिसत होती. चष्मा वर सरकवला. ओठ हलत होते, मी शिकवलेली तपासणी ती ओळीनं म्हणत होती. मग ओठ थांबले. हात हलकेच मागे आला. तिची नजर पलीकडच्या वाळूवरून उठली, वर गेली, आणि गेलीच. त्या वाळूवरचं मावळतीचं ऊन काचेत उतरलं आणि ती मला दिसेनाशी झाली.

दीवानजी वही घेऊन आले. "मैडम कहाँ हैं?"

"हवा में," मी म्हटलं.

दीवानजींनी वर पाहिलं. खरोखर मान मागे टाकून, टोपी धरून, त्यांनी आकाशात पाहिलं. मीही पाहिलं. शास्त्रीबुवांनी पाहिलं. खाली नावेतल्या लल्लननंही वर पाहिलं. आकाश गुलाबी होतं आणि त्यात बरंच काही मावलं असतं.

"कब उतरेंगी?" दीवानजींनी आवाज खाली आणून विचारलं.

"पहली बार गई हैं. जल्दी नहीं करनी चाहिए."

त्यांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. माझा उजवा पाय दगड दाबत होता. मला समजत होतं, तिचं वळण झालं असेल, आता ती वाऱ्याला पाठ देऊन परत येत असेल, आता खाली बघत असेल. माझं, डॉक्टरांनी नापास केलेलं, ते हृदय असं वाजत होतं की दीवानजींना ऐकू जाईल असं वाटलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिनं आधी एक पाय खाली सोडला, दगड चाचपला, मग दुसरा. गुडघ्यावर हात ठेवून ती उभी राहिली. चेहरा लालसर झाला होता, पांढरी बट कपाळावर आली होती. मी हात पुढे केला. मला विचारायचं होतं, काय काय दिसलं? कुठवर गेलीस? उतरताना नाक वेळेवर उचललंस ना? ती माझा हात धरून घाईघाईनं पायऱ्या चढायला लागली.

"अगं, काय झालं?"

"वरून आपली गच्ची दिसली," ती म्हणाली. "सकाळचे बटाट्याचे पापड तसेच पडलेत वाळत. माकड निघालंय सप्र्यांच्या कठड्यावरून. चला लवकर!"

मी तिच्या मागून धावलो. बैलाला वळसा घातला, तीन जिने चढलो, छातीला हात लावून गच्चीच्या दारात पोचलो. पापड उरल्यासुरल्या उजेडात पसरलेले होते. आणि सप्र्यांच्या कठड्यावरून उडी मारून एक माकड नुकतंच आमच्या गच्चीवर उतरलं होतं.